लष्करी प्रयोगाचं ग्राउंड कंट्रोल करायचंय? अँटेना नंतर, सिम्युलेटर आधी

ऑक्टोबर २०२२ मध्ये गांधीनगरच्या डेफएक्स्पोत ‘मिशन डेफस्पेस’ जाहीर झालं आणि संरक्षण दलांनी अंतराळाशी संबंधित ७५ आव्हानं खासगी उद्योगांपुढे ठेवली. तेव्हापासून पुण्या-नाशिकच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्या, इंजिनिअरिंग कॉलेजांतले गट आणि सिग्नल्समधून निवृत्त झालेले अधिकारी एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारतात: उपग्रह दुसरं कुणी बनवणार असेल, तर त्याची जमिनीवरची नियंत्रण यंत्रणा आम्ही बनवू शकतो का? शकत असू तर सुरुवात कुठून करायची? अँटेना कुठली घ्यायची?

पहिल्याचं उत्तर ‘हो’ आहे. अँटेनाचा प्रश्न मात्र तूर्त बाजूला ठेवा. या कामात नवखे लोक पैसा घालतात अँटेनात आणि मोठ्या पडद्यांत. उपग्रह वाया जातो तो चुकीच्या कमांडमुळे.

तुमचा वाटा कोणता, ते आधी ठरवा

प्रायोगिक लष्करी उपग्रह हे नेहमीच्या दळणवळण उपग्रहांपेक्षा वेगळं प्रकरण असतं. आयुष्य थोडं, पैसा मोजका आणि प्रयोग करणारे दर आठवड्याला काहीतरी बदलून मागतात. आपल्याकडे २२ ऑक्टोबर २००१ ला पीएसएलव्ही-सी३ मधून गेलेला टीईएस हा असाच तंत्रज्ञान-प्रयोगाचा उपग्रह होता. अमेरिकेने डिसेंबर २००६ मध्ये सोडलेल्या टॅकसॅट-२ मागे तर रणभूमीवरच्या अधिकाऱ्याला उपग्रहाकडे थेट मागणी नोंदवता यावी, हीच कल्पना होती. म्हणजे त्या प्रयोगाचा अर्धा भाग जमिनीवरच होता.

काम ढोबळमानाने तीन तुकड्यांत येतं:

- रेडिओची बाजू: अँटेना, ती फिरवणारी यंत्रणा, मोडेम, ॲम्प्लिफायर.
- मिशन कंट्रोल सॉफ्टवेअर: टेलिमेट्री उलगडणं, कमांड तयार करणं, पासचं (उपग्रह स्टेशनच्या नजरेत असतो त्या काळाचं) वेळापत्रक, नोंदी.
- सिम्युलेटर आणि चाचणीचा संच: उपग्रहाची हुबेहूब नक्कल, जिच्यावर बाकी सगळं तपासलं जातं.

छोट्या गटाने पहिल्या तुकड्याच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इस्रोच्या बंगळूरच्या इस्ट्रॅकचं ग्राउंड स्टेशनांचं जाळं आहे, भाड्याने ग्राउंड स्टेशन देणाऱ्या खासगी कंपन्या आहेत. ग्राहकाची हरकत नसेल तर पासची वेळ विकत घ्या. हरकत असेल, आणि लष्करी कामात ती बहुतेक वेळा असतेच, तर अँटेना ग्राहकाची असू द्या. तुम्ही दुसरा आणि तिसरा तुकडा घ्या. तिसऱ्याला स्पर्धा कमी आहे आणि गरज सर्वांत जास्त.

सिम्युलेटर आधी का?

जपानची हितोमी ही क्ष-किरण वेधशाळा १७ फेब्रुवारी २०१६ ला उडाली आणि २६ मार्चला, जेमतेम पाच आठवड्यांत, हातची गेली. ती लष्करी नव्हती, पण तिचा धडा इथे जसाच्या तसा लागू पडतो. उपग्रहाचा लांब दांडा उघडल्यावर त्याचा तोल बदलला. म्हणून थ्रस्टर कसे चालवायचे याचे नवे आकडे जमिनीवरून पाठवले गेले. ते बनवताना हाताने भरलेल्या माहितीत चूक झाली होती, आणि पाठवण्यापूर्वी ते सिम्युलेटरवर चालवून पाहिले गेले नाहीत. चूक कित्येक दिवस तशीच पडून राहिली. एके दिवशी उपग्रहाला वाटलं की आपण फिरतोय. प्रत्यक्षात तो स्थिर होता. सावरायला गेला आणि खरंच फिरू लागला. मग ते थांबवायला त्याने थ्रस्टर चालवले आणि त्या आकड्यांमुळे गरगरणं थांबण्याऐवजी वाढलं. शेवटी सौर पंखे तुटून गेले.

लष्करी उदाहरण हवं असेल तर क्लेमेंटाइन घ्या. अमेरिकेच्या क्षेपणास्त्र संरक्षण संघटनेचं हे यान जानेवारी १९९४ मध्ये गेलं. बांधलं आणि चालवलं नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने. चंद्राचं काम फत्ते झालं. मग ७ मे रोजी यानाच्या संगणकातल्या बिघाडामुळे थ्रस्टर ११ मिनिटं चालू राहिले, इंधन संपलं आणि यान मिनिटाला ८० फेरे घेऊ लागलं. पुढची लघुग्रहाची भेट रद्द झाली. दोष यानावरचा होता. तरी यान असं अडकलं तर जमिनीवरच्या माणसाने पहिल्या मिनिटात काय करायचं, याची तालीम फक्त सिम्युलेटरवरच होऊ शकते.

सिम्युलेटर बांधताना एवढं पाहा:

1. उपग्रहावर जे सॉफ्टवेअर उडणार, तेच त्यात चालायला हवं. ‘त्याच्यासारखं’ चालणार नाही.
2. तो बिघडवता आला पाहिजे. सेन्सर मेला, बॅटरी उतरली, निम्मी पॅकेट गहाळ झाली, हे सगळं एका बटणावर.
3. त्यात रेडिओचा उशीर आणि डॉप्लर असू द्या. ५०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाची एस-बँडवरची वारंवारता एका पासमध्ये दोन्ही बाजूंना सुमारे ५० किलोहर्ट्झने सरकते. ४३७ मेगाहर्ट्झवर सुमारे १० किलोहर्ट्झने.
4. घड्याळ पुढेमागे नेता आलं पाहिजे. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४९ दिवस १७ तासांनी शून्यावर येतो. ५० दिवस वाट बघून ही चाचणी कुणी करत नाही, आणि प्रयोग मात्र सहा महिने चालतो. नासाचं डीप इम्पॅक्ट यान ऑगस्ट २०१३ मध्ये अशाच वेळेच्या काउंटरपायी गेलं.

शून्यातून बांधू नका. नासाने छोट्या उपग्रहांसाठी एनओएस-३ नावाचा सिम्युलेटर खुला केला आहे. तो सीएफएस या उड्डाण-सॉफ्टवेअरबरोबर चालतो. दोन मुलांना महिनाभर त्यावर बसवा.

तयार सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

कॉस्मॉस, यॅम्क्स आणि ओपन एमसीटी ही तीन नावं तुम्हाला वारंवार भेटतील. पहिली दोन टेलिमेट्री आणि कमांड दोन्ही सांभाळतात. नासाच्या एम्स केंद्राचं ओपन एमसीटी मुख्यतः दाखवण्याचं काम करतं. तिन्ही चांगली आहेत आणि निवडीवर महिने घालवण्यात अर्थ नाही. परवाना मात्र वकिलाला दाखवा: ओपन एमसीटी अपाचे परवान्यावर आहे, तर यॅम्क्सचा गाभा एजीपीएलवर. एजीपीएलमध्ये, बदललेलं सॉफ्टवेअर नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही त्याचा सोर्स मागायचा हक्क मिळतो. लष्करी ग्राहकाला हे चालेल का, ते त्याला करारापूर्वी विचारा. नाहीतर मूळ कंपनीकडून व्यावसायिक परवाना घ्या.

संदेशांचा साचा सीसीएसडीएसच्या, म्हणजे अंतराळ संस्थांच्या सामाईक, मानकांप्रमाणेच ठेवा. ‘आमचा स्वतःचा, हलका’ साचा बनवायचा मोह प्रत्येक गटाला होतो, तो आवरा.

एककांचं काय? टेलिमेट्रीच्या प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायचंच. १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर गेला तो जमिनीवरच्या सॉफ्टवेअरपायी. एक फाइल पाउंड-सेकंदांत येत होती आणि वाचणारा न्यूटन-सेकंद समजत होता.

आणखी एक अडचण, जी पहिल्या दिवशी हमखास येते. ग्राहकाच्या नियंत्रण कक्षात इंटरनेट नसतं. तुमचं सॉफ्टवेअर बसवताना पन्नास लायब्ऱ्या बाहेरून ओढत असेल, तर तुम्ही त्या खोलीत हात चोळत बसाल. सगळं एका डिस्कवरून, जाळ्याशिवाय उभं राहतं की नाही ते आपल्या ऑफिसात केबल काढून आधी बघा. वेळेचंही तेच: कक्षात जीपीएस किंवा नाविकचा रिसीव्हर जोडलेला टाइम सर्व्हर लागेल.

पासचं गणित

५०० किलोमीटरवरच्या ध्रुवीय कक्षेतला उपग्रह साडेचौऱ्याण्णव मिनिटांत एक फेरी मारतो. पुण्याच्या अक्षांशावर एका स्टेशनला दिवसाला तीन-चार उपयोगी पास मिळतात. डोक्यावरून गेला तर नऊ मिनिटं, कडेने गेला तर चार-पाच. संपर्क जुळायला आणि तुटायला लागणारा वेळ वजा करा. ९६०० बिट्सच्या वेगाने सात मिनिटांत कच्चे पाच लाख बाइट उतरतात, म्हणजे मोबाइलवरच्या एका फोटोएवढेही नाहीत. प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञाला हे पहिल्याच बैठकीत कागदावर दाखवा, म्हणजे नंतर वाद होणार नाहीत.

एका पासचं वेळापत्रक साधारण असं असतं:

- पास सुरू होण्याच्या ३० मिनिटं आधी: आजच्या कमांडची यादी गोठवायची. यानंतर बदल नाही.
- १० मिनिटं आधी: अँटेना क्षितिजावर, रेकॉर्डिंग सुरू.
- पहिली ९० सेकंदं: फक्त ऐकायचं. बॅटरीचा व्होल्टेज, संगणक किती वेळा रीस्टार्ट झाला, उपग्रहाचं घड्याळ.
- मधली मिनिटं: कमांड, प्रत्येकीची पोच पाहून पुढची.
- शेवटचं एक मिनिट: नवं काही पाठवायचं नाही.

पास चालू असताना एक फसवी गोष्ट घडते. संपर्क तुटला तरी पडद्यावरचे आकडे जागच्या जागी उभे राहतात, सगळे हिरवे. शेवटचं पॅकेट तीन मिनिटांपूर्वीचं असतं आणि ऑपरेटरला वाटतं सगळं आलबेल आहे. म्हणून ठरलेल्या वेळेत नवं पॅकेट आलं नाही, की आकडा आपोआप राखाडी झाला पाहिजे. स्वीकृती चाचणीत हा मुद्दा तुम्हीच घाला.

पडद्यावर यूटीसी एवढीच वेळ ठेवा. साडेपाच तासांचा फरक डोक्यात करत बसलं, की रात्री बारा ते पहाटे साडेपाच यादरम्यान तारखेचा घोळ झालाच म्हणून समजा.

कक्षेची माहिती कुठून येणार, तेही लेखी घ्या. अमेरिकेच्या यादीत जगभरातल्या उपग्रहांची कक्षा मिळते. पण एका रॉकेटमधून बरेच उपग्रह सुटले की त्यांतला आपला कोणता, हे कळायला दिवस जातात. पहिल्या आठवड्यासाठी प्रक्षेपण करणाऱ्यांकडून थेट आकडे मागा.

कमांड पाठवण्याची शिस्त

सगळ्या कमांडची तीन गटांत वाटणी करा: निरुपद्रवी, जोखमीच्या, आणि परत न फिरवता येणाऱ्या. थ्रस्टर चालवणं, पंखा उघडणं, सॉफ्टवेअर बदलणं हे तिसऱ्या गटात. त्यांसाठी ‘सज्ज हो’ आणि ‘कर’ अशा दोन वेगळ्या कमांड हव्यात, मधे वेळेची मर्यादा हवी, आणि दोन माणसं हवीत. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडद्याशी ताडायचं. सॉफ्टवेअरनेच दोन स्वतंत्र लॉगइन मागावेत. वरिष्ठांनी फोनवर सांगितलं म्हणून एकट्याने बटण दाबता येता कामा नये, मग ते वरिष्ठ कितीही फीत-पट्ट्यांचे असोत.

प्रत्येक कमांडपुढे चार रकाने भरा: पाठवण्यापूर्वी टेलिमेट्रीत काय दिसलं पाहिजे, पाठवल्यावर काय बदललं पाहिजे, किती सेकंदांत, आणि नाही बदललं तर काय करायचं. चौथा रकाना लोक रिकामा सोडतात. ‘पुन्हा पाठवा’ हे उत्तर दर वेळी बरोबर नसतं. हीटर चालू करण्याची कमांड दोनदा गेली तर काही बिघडत नाही, पण ‘पाच अंश वळ’ दोनदा गेली की दहा अंश होतात.

चाचण्यांचा क्रम

1. टेलिमेट्री आणि कमांडच्या यादीतली प्रत्येक नोंद, एकेक करून. कंटाळवाणं काम आहे. सर्वांत जास्त चुका इथेच सापडतात.
2. सिम्युलेटरवर पूर्ण पास, आधी सुरळीत आणि मग बिघाडांसह.
3. टेबलावर मांडलेल्या खऱ्या इलेक्ट्रॉनिक्सशी केबलने जोडणी.
4. उड्डाणाच्या रेडिओशी हवेतून, पुरेसं क्षीणन लावून, ज्या मोडेमने प्रत्यक्ष काम होणार त्याच मोडेमवर.
5. पूर्ण दिवसाची तालीम: रात्रपाळी, शिफ्टचा हँडओव्हर, जेवणाच्या वेळेत आलेला पास, सगळ्यासकट. अधूनमधून वीज घालवा.
6. पहिल्या तीन दिवसांची तालीम, ज्यात उपग्रह बोलतच नाही.

वेळ कमी पडला की पाचवी आणि सहावी कापली जाते. कापायचीच असेल तर चौथीचा तपशील कमी करा, पण सहावीला हात लावू नका. चाचणीसाठी केलेला तात्पुरता बदल उड्डाणाच्या आवृत्तीत राहणार नाही यासाठी शेवटच्या तालमीनंतर सॉफ्टवेअर गोठवा आणि त्याचा हॅश ग्राहकाच्या सहीने नोंदवा.

सुरक्षा

२४ फेब्रुवारी २०२२ ला व्हायासॅटच्या केए-सॅट जाळ्यावर हल्ला झाला, तेव्हा उपग्रहाला कुणी बोटही लावलं नव्हतं. व्हीपीएनच्या सदोष मांडणीतून हल्लेखोर जमिनीवरच्या व्यवस्थापन जाळ्यात शिरले आणि हजारो मोडेम निकामी केले. जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचं दूरनियंत्रण त्याच फटक्यात गेलं. तेव्हा कमांडचं जाळं आणि ऑफिसचं जाळं यांत केबलसुद्धा सामाईक नको.

कमांडला खरेपणाचा शिक्का आणि क्रमांक हवाच, म्हणजे जुनी कमांड रेकॉर्ड करून कुणी पुन्हा पाठवू शकणार नाही. पण हा क्रमांक उपग्रह रीस्टार्ट झाल्यावर चुकला तर? मग तुमचीच कमांड तुमचाच उपग्रह नाकारेल. पुन्हा जुळवणी कशी करायची, याची चाचणी उड्डाणापूर्वी करा. चाचणीच्या किल्ल्या आणि उड्डाणाच्या किल्ल्या वेगळ्या ठेवा. उड्डाणाच्या किल्ल्या ग्राहकाचा अधिकारी भरेल, तुम्ही नाही. ते तुमच्याच सोयीचं आहे, कारण उद्या किल्ली फुटली तर बोट तुमच्याकडे जाणार नाही.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. हे कोण करणार, ते करारात घाला.

परवाने

- अमॅच्युअर बँड लष्करी प्रयोगाला वापरता येत नाही. कॉलेजच्या गटांचा इथे हमखास गोंधळ होतो. पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम्’ आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ हे २०१६ मध्ये गेलेले विद्यार्थी-उपग्रह अमॅच्युअर वारंवारतांवर बोलत. सरावासाठी तो मार्ग उत्तम: परीक्षा देऊन परवाना घ्या, शौकीन उपग्रह ऐका, आपलं सॉफ्टवेअर त्यांच्यावर तपासा. संरक्षणाच्या कामाला वेगळी वारंवारता लागते आणि ती ग्राहकाने मिळवायची असते.
- स्वतःचं स्टेशन उभारायचं असेल तर अहमदाबादच्या इन-स्पेसची अनुमती, वारंवारतेसाठी डब्ल्यूपीसी आणि अँटेनाच्या जागेसाठी सॅक्फा, अशी तीन दारं आहेत. तिन्हीकडे एकाच वेळी अर्ज टाका.
- जुन्नर-आंबेगावकडे स्वस्त जमीन दिसली म्हणून लगेच इसार देऊ नका. खोडदची जीएमआरटी दुर्बीण साधारण १५० ते १४५० मेगाहर्ट्झमध्ये ऐकते आणि तिच्या परिसरात रेडिओ प्रक्षेपणावर बंधनं आहेत.
- परदेशी सल्लागाराला ईमेलने आराखडा पाठवणं हीसुद्धा निर्यात ठरू शकते. निर्यात नियंत्रणाच्या स्कोमेट यादीचा पाचवा विभाग अंतराळ आणि हवाई यंत्रणांचा आहे. आधी डीजीएफटीच्या नियमांत तपासा. परदेशातल्या मराठी मित्राला ‘जरा कोड बघतोस का’ म्हणून पाठवलेली फाइलही याच नियमात येते.

पैसा, मालकी आणि तुमचे हक्क

संरक्षण मंत्रालयाच्या आयडेक्स योजनेच्या स्पार्क अनुदानात दीड कोटी रुपयांपर्यंत मिळतात, आयडेक्स प्राइममध्ये १० कोटींपर्यंत, अदितीत २५ कोटींपर्यंत. स्पार्कमध्ये साधारण निम्मा खर्च तुमचा असतो आणि हप्ते टप्पे पूर्ण झाल्यावर येतात. पहिला टप्पा ‘अँटेना बसवली’ असा लिहू नका. परवाना रखडला की हप्ता रखडतो. ‘सिम्युलेटरवर पूर्ण पास दाखवला’ असा लिहा, ते तुमच्या हातात आहे.

सही करण्यापूर्वी करारातली ही कलमं शोधा:

- सोर्स कोड कुणाचा? कॉपीराइट कायदा, १९५७ च्या १७ (ड) कलमानुसार सरकारच्या निर्देशाखाली तयार झालेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, सरकार असतं. तुमच्याकडे आधीपासून असलेला कोड आणि या कामात नव्याने लिहिलेला कोड यांची यादी परिशिष्टात जोडा.
- काय प्रसिद्ध करता येईल? प्रबंध लिहिणारा विद्यार्थी गटात असेल तर हे आत्ताच ठरवा. नंतर ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट आडवा आला, तर पोराची पदवी अडकते.
- माहिती अधिकाराच्या भरवशावर राहू नका. डीआरडीओ त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे विषय सोडले तर तिथून उत्तर मागता येत नाही. तुमचा पत्रव्यवहार तुम्हीच जपा.
- स्वीकृती कशाला म्हणायची? चाचण्यांची यादी, कोण सही करणार आणि किती दिवसांत.

उद्यम नोंदणी कराराच्या आधी करून घ्या. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत ४५ दिवसांहून जास्त असू शकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. सरकारी ग्राहकही यातून सुटलेला नाही. तक्रार ऑनलाइन सुविधा परिषदेकडे करता येते. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोहोचवल्याचा दिवसच स्वीकृतीचा दिवस धरला जातो. तेव्हा डिस्क, दस्तऐवज, चाचणी-अहवाल, जे काही द्याल त्याची तारीख-शिक्क्यासह पोच तिथल्या तिथे घ्या.